रिव्ह्यूला उत्तर: पहाटे बंद पडणारा सर्व्हर रूमचा एसी, तो पुठ्ठा आणि थांबणारा फॅन

नमस्कार भाऊ,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला, आज सकाळी परत वाचला. तुमचं म्हणणं असं की डिसेंबरपासून सर्व्हर रूमचा एसी रोज पहाटे बंद पडून राहिला, आमच्या पोरानं दोनदा गॅस भरून पैसे घेतले, तिसऱ्यांदा मी आलो तर आउटडोअरला पुठ्ठा बांधून गेलो, आणि शेवटी फॅन कंट्रोलच्या नावाखाली वेगळं बिल लावलं. आता बाहेरचा फॅन चालतो-थांबतो, चालतो-थांबतो, म्हणजे जो चांगला होता तोही बिघडवला. आणि विचारलंय की बाहेर ९ डिग्री थंडी असताना एसीलाच थंडी काऊन बाधते, आम्हाला येडं समजता का.

आधी पैशाचं बोलतो. दोन्ही वेळचा गॅस भरायची गरज नव्हती, ती चूक आमची आहे, त्या दोन्ही बिलांचे पैसे आज तुमच्या खात्यावर परत टाकले, बघून घ्या. पोरगा कामात चांगला आहे पण त्यानं जे बघितलं त्याचा अर्थ चुकीचा लावला, आणि मी पहिल्याच दिवशी त्याला नीट विचारलं असतं तर दुसरी खेप झाली नसती. फॅन कंट्रोलचे पैसे मात्र परत करणार नाही, कारण तुमच्या एसीला खरी गरज त्याचीच होती, आणि ती काऊन होती ते तुम्हाला कुणीच बसून सांगितलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. तुमच्यासारखे सर्व्हर रूमवाले, लॅबवाले अजूनही वाचतील.

एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. बाहेरच्या कंडेन्सरमधे, म्हणजे आउटडोअरच्या कॉइलमधे, गॅस दाबाखाली असतो, तिथे त्याचं लिक्विड होतं, आणि तोच दाब, ज्याला आम्ही हेड प्रेशर म्हणतो, त्या लिक्विडला कॅपिलरीतून आतल्या कॉइलकडे ढकलतो. कॅपिलरी म्हणजे केसासारखी बारीक तांब्याची नळी, तिला ना स्क्रू ना वॉल्व्ह, मागून जेवढा दाब तेवढंच लिक्विड पुढे जाणार. मे महिन्यात नागपुरात ४५ डिग्री असताना तुमच्या आर-२२ गॅसच्या मशीनचं हेड ३२० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) वर असतं, तेव्हा लिक्विड जोरात जातं. पण जानेवारीत पहाटे ५ ला गच्चीवर ९ डिग्री, वरून उत्तरेचा वारा थेट कंडेन्सरवर, आणि फॅन मे महिन्यातल्याच स्पीडने फिरतोय. मग कंडेन्सर गरजेपेक्षा जास्त थंड होतो, हेड पडतं, कॅपिलरीतून लिक्विड पुरेसं जात नाही, आतली कॉइल उपाशी राहते. उपाशी कॉइलचा सक्शनचा दाब, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूचा दाब, पण खाली जातो, आणि आर-२२ चा दाब ५७-५८ पीएसआयच्या खाली गेला की कॉइलमधला गॅस शून्य डिग्रीच्या खाली गेला समजायचं. मग हवेतला ओलावा कॉइलवर बर्फ होऊन बसतो, बर्फामुळे हवा जात नाही, हवा नाही म्हणून सक्शन अजून पडतं, आणि शेवटी एलपी कटआउट, म्हणजे दाब फार कमी झाला की मशीन थांबवणारा सेफ्टी स्विच, मशीन बंद करतो. सर्व्हर तर रात्रीही तेवढेच तापतात, म्हणून खोली गरम व्हायला लागते आणि तुम्हाला पहाटे फोन येतो.

घरी हा प्रॉब्लेम दिसत नाही कारण नागपुरात दिवाळी झाली की लोक एसी बंद करून टाकतात, होळीपर्यंत कुणी रिमोटला हात लावत नाही. हिवाळ्यात एसी चालतो तो सर्व्हर रूममधे, पॅथॉलॉजी लॅबमधे, मोबाइल टॉवरच्या शेल्टरमधे, अशाच ठिकाणी. मला स्वतःला हे कळलं ते २९ डिसेंबर २०१८ ला, ज्या दिवशी नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता, त्या सकाळी मला असेच एका मागोमाग एक फोन आले आणि मी सुद्धा पहिल्या दोन ठिकाणी गॅस कमी आहे समजून गॅसची बाटली घेऊनच निघालो होतो.

आमच्या पोराची चूक इथेच झाली. गॅस लीक झाला तरी सक्शन कमी, हेड कमी. थंडीमुळे झालं तरी सक्शन कमी, हेड कमी. दाब मोजायचं गेज दोन्ही वेळा सारखंच दाखवतं. फरक वेळेचा असतो. लीक असेल तर दुपारी २ वाजता पण त्रास होईल, फ्लेअर नटपाशी, म्हणजे पाइपाच्या जोडापाशी, तेलाचा डाग दिसेल. तुमचा एसी दुपारी मस्त चालायचा, आणि हे मला कुणी सांगितलं माहितीये? तुमच्या चौकीदार काकांनी. त्यांच्याकडे एक वही आहे, त्यात त्यांनी निळ्या पेननं रोज लिहून ठेवलं होतं, ४.१० बंद, ३.५० बंद, ५.०५ बंद, ज्या दिवशी ढग होते आणि थंडी कमी होती त्या दिवशी काहीच नाही. ती वही मी टॉर्च लावून वाचली आणि गेज लावायच्या आधीच मला पन्नास टक्के अंदाज आला. पोरगा दोन्ही वेळा सकाळी १० नंतर गेला होता, तेव्हा कॉइलवर बर्फ अर्धवट होता, सक्शन कमी दिसलं, त्यानं अंदाजानं गॅस टाकला. वजनकाटा सोबत नव्हता, ही दुसरी चूक.

आता पुठ्ठ्याचं. तुम्ही लिहिलंय की कंपनीचं नाव एवढं मोठं आणि दुरुस्ती पुठ्ठ्यानं. भाऊ, तो पुठ्ठा म्हणजे तपासणी होती. त्या दिवशी मी ५.३० ला तुमच्या गच्चीवर होतो, मशीन रिसेट करून चालू केलं, गेज लावलं, हेड ११२ आणि सक्शन ३४, म्हणजे कॉइलमधला गॅस उणे १२ च्या आसपास, सक्शनचा पाइप कॉम्प्रेसरपर्यंत पांढरा झाला होता. मग तुमच्याच स्टोअरमधल्या मॉनिटरच्या खोक्याचा एक तुकडा कापून कंडेन्सरच्या मागच्या जाळीवर लावला, साधारण अर्धी जाळी झाकली, आणि घड्याळ बघत बसलो. तीन-चार मिनिटात हेडचा काटा हळूहळू चढायला लागला, १४०, १६०, शेवटी १९० वर थांबला, आणि मागोमाग सक्शन ३४ वरून ६५ च्या वर आलं. पाइपावरचं पांढरं वितळून थेंब पडायला लागले. गॅसचा एक ग्रॅम न टाकता मशीन ठीक झालं, म्हणजे गॅस कमी नव्हता हे पक्कं झालं. चौकीदार काका बाजूला उभे होते, ते म्हणाले, साहेब, एसीला स्वेटर घातलं का. मी म्हटलं हो काका, तसंच समजा.

पण मी तो पुठ्ठा फॅन कंट्रोलचा स्विच येईपर्यंत तीन दिवस बांधून ठेवला आणि तुम्हाला फोन करून सांगितलं नाही, फक्त काकांना सांगितलं की सकाळी १० ते संध्याकाळी ६ काढून ठेवा. तुम्ही गच्चीवर येऊन खोक्याचा तुकडा दोरीनं बांधलेला बघितला तर राग येणारच, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

मग तो स्विच आला तेव्हा आधी सगळा गॅस रिकव्हरी मशीननं काढून वजनकाट्यावर मोजला. मशीनच्या प्लेटवर १ किलो ७०० ग्रॅम लिहिलंय, निघाला २ किलो ४० ग्रॅम. म्हणजे ३४० ग्रॅम जास्तीचा, आमच्याच माणसानं घातलेला. तो तसाच राहिला असता तर जानेवारीत काही कळलं नसतं, पण मे महिन्यात हेड एचपी कटआउटपर्यंत, म्हणजे दाब फार वाढला की मशीन थांबवणाऱ्या स्विचपर्यंत, जाऊन मशीन भर दुपारी ट्रिप झालं असतं, आणि तेव्हा कुणीतरी म्हटलं असतं कॉम्प्रेसर गेला. मी एका लॅबमधे हेच बघितलंय, हिवाळ्यात दुसऱ्या कुणीतरी गॅस ठोसला आणि एलपी स्विच बायपास केला, उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जळाला. म्हणून हात जोडून सांगतो, हिवाळ्यात पहाटे मशीन ट्रिप झालं तर कुणालाही एलपीची वायर जोडू देऊ नका, आणि वजनकाटा न लावता गॅस टाकू देऊ नका.

आता फॅन. फॅनच्या वायरमधे आम्ही प्रेशर स्विच टाकला, हेड १५५ च्या खाली गेलं की फॅन बंद, २३० झालं की परत चालू. कॉम्प्रेसर चालूच राहतो. म्हणून तुम्हाला थंडीत फॅन दोन-तीन मिनिटं फिरून थांबलेला दिसतो, आणि तो थांबला म्हणूनच आतली कॉइल उपाशी राहत नाही. जसजसं ऊन वाढेल तसं थांबणं कमी होत जाईल, आणि एप्रिल-मे मधे तो थांबणारच नाही कारण १५५ च्या खाली हेड जाणारच नाही. बिघाड असता तर हेड चढत जाऊन एचपीवर मशीन बंद पडलं असतं, ती सेफ्टी वेगळी आहे आणि तिला आम्ही हात लावलेला नाही.

हे सगळ्यात भारी सोल्यूशन आहे असं नाही म्हणणार. फॅन असा चालू-बंद झाला की हेड वर-खाली होतं, स्पीड कंट्रोलर लावला तर फॅन हळूहळू कमी-जास्त होतो आणि दाब जास्त स्थिर राहतो, पण त्याला तशी मोटर लागते, तुमची जुनी मोटर हळू फिरवली तर गरम होईल आणि बेअरिंग जाईल, खर्च दुप्पट. कंडेन्सर लिक्विडनं भरून ठेवणारा वॉल्व्ह पण येतो, त्याला रिसीव्हर टाकी आणि बराच जास्तीचा गॅस लागतो, ते लेहसारख्या ठिकाणी ठीक, रामदासपेठेत दोन टनाच्या मशीनला नाही. तुमच्याकडे वारा उत्तरेकडून थेट लागतो म्हणून आम्ही दोन फूट अंतर सोडून पत्र्याचा आडोसा पण लावला, त्याचे पैसे लावले नाहीत.

तुम्ही असंही लिहिलंय की खिडकी उघडून बाहेरची थंड हवा घेतली तर एसी कशाला. बाजूला ती इमारत तोडून बांधकाम चालू आहे ना, तिथली धूळ महिनाभरात सर्व्हरच्या पंख्यात भरेल. एक्झॉस्ट आणि फिल्टरचा सेटअप करता येतो, पाहिजे तर येऊन मोजमाप घेतो, पण नुसती खिडकी नको. आणि पुढे मशीन बदलायचं ठरवाल तर, आर-२२ तसाही मॉन्ट्रियल करारामुळे टप्प्याटप्प्यानं बंद होत चाललाय, तेव्हा इन्व्हर्टर एसी घ्या, त्यातला बाहेरचा फॅन स्वतःच हळू होतो, पण कॅटलॉगमधे कूलिंगसाठी बाहेरचं कमीत कमी तापमान किती दिलंय तेवढं बघूनच घ्या, सगळ्यांना ९ डिग्री चालत नाही.

स्विचची एक कमजोरी सांगून ठेवतो. तो ऐन उन्हाळ्यात अडकला आणि फॅन लागला नाही तर मशीन एचपीवर जाईल. म्हणून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः येतो, स्विच, हेड, सगळं बघतो, बिल नाही. पोराला पण सोबत आणतो, त्याला त्या वहीत काय लिहिलंय ते वाचायला लावायचंय. काकांना सांगा वही चालू ठेवा म्हणून, आणि एखाद्या पहाटे परत बंद पडलाच तर रिसेट करायच्या आधी मला फोन करा, ४ वाजले असले तरी करा.