नाळेवरचा फेटेवाला सागवानी का नाही?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका मुंबईत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याने सागवानात बांधली, १८१७ साली ती पाण्यात उतरली, मग तिच्या माझ्या मॉडेलच्या नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, फेटेवाला पुतळा हेदूच्या लाकडात कोरणं ही इतिहासाशी तडजोड आहे. शिवाय फेट्याच्या घड्या कमी आणि नको तितक्या खोल. तुम्ही पोटतिडकीने लिहिलंय, म्हणून सविस्तर सांगते.

मॉडेल १:४८ प्रमाणात आहे. माणसाचा डोळा तीन सेंटिमीटर रुंद धरला, तर इथे तो जेमतेम ०.६ मिलिमीटर होतो. लाकडाचं पोत मात्र आपल्यासाठी लहान होत नाही. सागाचा तुकडा आडवा कापून भिंगाखाली धरा. वर्षवलयाच्या सुरुवातीची छिद्रं पाव मिलिमीटरच्या आसपास दिसतील, म्हणजे डोळ्याच्या जवळजवळ निम्मी! खऱ्या बोटीच्या मापात तो गालावरचा सव्वा सेंटिमीटरचा खड्डा झाला. त्यात सागातल्या सिलिकाने पातं भराभर बोथट होतं आणि बोथट पातं नाक कोरत नाही, उचकटतं. बोटीच्या अंगाला मी सागवानच लावलंय. सपाट पट्ट्यांवर ते खपून जातं. हेदू पिवळसर, बारीक पोताचा. युरोपात बॉक्सवुड ज्यासाठी वापरतात, त्याच कामाला आपल्याकडे तो येतो. वखारीत विचारा, तुकडे मिळतात.

आणि कोरीवकाम बोटीच्याच लाकडात हवं, हा नियम जुन्या कारागिरांनीही पाळला नव्हता. १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेलं ‘वासा’ हे जहाज ओकचं. त्यावरच्या मूर्तींत ओकबरोबर पाइन आणि लिंडेनही आहे.

आता घड्या. सांगलीहून मिरज किती लांब? सतारमेकरांच्या दुकानात जाऊन सतारीच्या गळ्यावर कोरलेली पानं बघा. मधली शीर खोल, बाजूच्या शिरा मोजक्या, कडा किंचित उचललेली. बैठकीत मागे बसलेल्यालाही ते पानच दिसतं, कारण खोलीमुळे सावली पडते. फेट्याचंही तेच. सगळ्या घड्या मापात काढल्या, तर हातभर अंतरावरून नुसता खरखरीत गोळा दिसेल.

थ्रीडी प्रिंट सुचवलंत. ज्यांना बोट पुरी करायची घाई आहे त्यांनी जरूर करावं. मला कोरायचंच आहे.

कानाजवळचा फेट्याचा पीळ उलटा वाटतो, हे तुमचं निरीक्षण मात्र मला तपासायचंय. तुमच्याकडे त्या बाजूचा स्पष्ट फोटो असेल तर पाठवा. तोवर तिथे पातं लावत नाही.