दुसऱ्याच्या कुत्र्याला कसं जेवू घालावं

थंडी पडली, बामणोदची वांगी आली, शेतात भरीत पार्टी ठरली. तिथं कोणी आपलं पामेरियन घेऊन आलं असेल तर मालकाचं ऐकायचं नाही, हा पहिला नियम. तो बिचारा "अहो नको, त्याला कांदा-लसूण चालत नाही" म्हणेल. आपण हसायचं, "काही नही व्हस भो" म्हणायचं, आणि कळण्याच्या पुरीत भरिताचा गोळा भरून पुढे टाकायचा.

चॉकलेट द्या. पोरं खूश होतात, त्यातल्या थिओब्रोमिन नावाच्या विषाचं काय ते कुत्रं बघून घेईल.

शिऱ्यातले बेदाणे निवडून द्या, किडन्या दोन असतात.

मटणाचं शिजवलेलं हाड तर हक्काचं. शिजलं की ते ठिसूळ होतं, चावलं की टोकदार तुकडे पडतात, आणि आतड्यात अडकले तर पोट फाडायला डॉक्टर आहेतच की.

घरात पिल्लू असेल तर त्याला भाकरीवर वाढवा. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात कोरड्या वजनाच्या २२.५ टक्के तरी प्रोटीन लागतं आणि ज्वारीत त्याच्या निम्म्याच्या आसपास असतं, पण एवढा हिशोब कोण करतं. किंवा नुसतं चिकन-भात द्या, त्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, पाय वाकडे झाले की "जातच तशी" म्हणायचं.

आता कांद्याचं नीट सांगतो, कारण हे मी आत्ताच भोगलंय. आपल्या भरितात पात किती असते ते तुम्हाला माहितीये, वर मिरचीसोबत ठेचलेला लसूण, आणि लसूण तर कांद्यापेक्षा जहाल. कुत्र्याच्या किलोभर वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला ७५ ग्रॅम बास, आणि शिजवल्यानं भाजल्यानं काही फरक पडत नाही. बरं लगेच काही दिसतही नाही. पार्टीच्या रात्री आमचं कुत्रं शेपूट हलवत होतं, सगळे म्हणाले बघा, काय झालं का? दोन-तीन दिवसांनी ते कोपऱ्यात पडून राहिलं, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. मग रक्त तपासा, सलाईन लावा, सुट्टीच्या दिवशी डॉक्टर शोधत जळगावभर फिरा. प्रत्येकानं "एकच घास" दिला होता म्हणे. वीस जणांचा एकेक घास किती होतो हे मोजायला कोणी नव्हतं!

आणि वर फोन करून ऐकवतात, आमच्या गावातली कुत्री उकिरड्यावर खातात, त्यांना काही होत नाही. अरे, ती मेली तर तुम्हाला कळतं तरी का? कोणी बघायला जातं? नगरपालिकेची गाडी उचलून नेते, संपलं.

तुम्हाला कुत्र्याची माया नाही, त्यानं तुमच्या हातातून खाल्लं याचं कौतुक आहे. ज्याच्या घरचं आहे त्याला विचारायचं, देऊ का म्हणून. नाही म्हटलं की हात मागे घ्यायचा. फारच प्रेम उतू जात असेल तर साध्या भाताचं एक शीत द्या, तेही विचारून. आणि ते आजारी पडल्यावर मला व्हॉट्सअपवर हळदीचे उपाय पाठवू नका.