गोळी सोडू नका: इन्फ्रारेड सॉनाच्या त्या फॉरवर्डबद्दल

“रोज अर्धा तास इन्फ्रारेड सॉना घ्या. किरणं दोन इंच आत जातात, शरीरातली सगळी विषं घामावाटे बाहेर पडतात, ६०० कॅलरी जळतात, साखर उतरते आणि बीपी असं ताळ्यावर येतं की दोन महिन्यांत गोळ्या बंद. फिनलंडच्या संशोधनात सिद्ध. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.”

इन्फ्रारेड सॉना म्हणजे किरणांनी अंग तापवून घाम काढणारी विजेची पेटी. लोकांनी हा निरोप पोचवलाय. माझ्या मावशीच्या फोनवर हा मजकूर तीन ग्रुपांतून आला. ती १२ वर्षं बीपीची गोळी घेते. तिने विचारलं, “मग गोळी सोडून बघू का रे?” म्हणून गोळीपासूनच सुरुवात करतो.

उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, घामावाटे पाणी जातं आणि बीपी उतरतं. इथपर्यंत खरं आहे. पण हा उतार बहुतांशी त्या वेळेपुरता असतो. बाहेर आल्या आल्या मशीन लावलं, वरचा आकडा ११५ दिसला, म्हणून गोळी बंद केली, तर तो आकडा सॉनाचा झाला, तुमचा नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी सॉना न घेता मोजा म्हणजे कळेल. ठोके मंद करणारी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या गटातली गोळी एकाएकी सोडली तर हृदयाचे ठोके उसळू शकतात, छातीत दुखू शकतं आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. क्लोनिडीन ही बीपीची दुसरी गोळी सोडली तर एक-दोन दिवसांत बीपी आधीपेक्षाही वर जाऊ शकतं. हे माहीत नसलेला माणूस “गोळ्या बंद” असं लिहून शेकडो जणांना पाठवतो, याचा मला खरोखर संताप येतो.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. गोळी चालू असताना सॉनात बसलात तर दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. लघवी वाढवणारी गोळी आधीच पाणी काढत असते. बीपीची अ‍ॅम्लोडिपीन, छातीदुखीसाठीची नायट्रेटं, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन रक्तवाहिन्या सैल करतात. मेटोप्रोलॉलमुळे तर गरज पडली तरी ठोके हवे तेवढे वाढत नाहीत. अशा माणसाला आत बसून बरं वाटतं. घात उठताना होतो: डोळ्यांपुढे अंधारी येते, गुडघे लटपटतात आणि डोकं लाकडी बाकाच्या कडेवर आपटतं.

हृदय आणि इन्फ्रारेड यांचा खरा अभ्यास पाहायचा तर जपानचा पाहा. कागोशिमा विद्यापीठात डॉ. चुवा तेई यांनी ‘वाओन’ नावाची पद्धत बसवली. ६० अंश सेल्सियसची कोरडी इन्फ्रारेड खोली, आत फक्त १५ मिनिटं, मग बाहेर ३० मिनिटं पांघरूण घेऊन पडून राहायचं, आधी आणि नंतर वजन करायचं, जेवढं घटलं तेवढं पाणी द्यायचं. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांना याने आराम पडला, चालण्याची ताकद सुधारली, हे मी मान्य करतो. पण हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली आणि औषधं चालू ठेवून. शिवाय २०१६ साली अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या चाचणीत, हृदयावरचा ताण दाखवणारी जी रक्ततपासणी मुख्य कसोटी होती, तिच्यात वाओन घेणारे आणि न घेणारे या दोन गटांमध्ये ठोस फरक निघाला नाही. या पद्धतीत ‘गोळी बंद’ कुठेच नाही आणि ‘अर्धा तास आत’ही नाही. अर्धा तास आहे तो बाहेर आडवं पडण्याचा.

आता फिनलंड. तो अभ्यास खरा आहे, २०१५ साली प्रसिद्ध झाला. पूर्व फिनलंडमधले २,३१५ मध्यमवयीन पुरुष, सुमारे २० वर्षांचा मागोवा. आठवड्यात ४ ते ७ वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने मरणारे कमी होते. पण तो सॉना तापलेल्या दगडांचा, सुमारे ८० अंशांचा. इन्फ्रारेडची पेटी त्यात नव्हतीच. आणि जो आठवड्यात पाच वेळा सॉनात बसू शकतो तो मुळात धडधाकट असण्याची शक्यता जास्त.

६०० कॅलरींचा आकडा बहुधा असा निघाला असावा: एक लिटर घाम वाळायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. पण इथे ती उष्णता हीटर देतो आहे, पोटावरची चरबी नव्हे. नुसतं बसलेलं शरीर अर्ध्या तासात ४० च्या आसपास किलोकॅलरी खर्चतं. सॉनात थोडी जास्त. काट्यावर जे अर्धा किलो कमी दिसतं ते पाणी, दोन ग्लासांत परत येतं.

विषांचं म्हणाल तर ते काम यकृत आणि मूत्रपिंडांचं. ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला: रोज दोन लिटर घाम गाळला तरी त्यातून जाणारे कीटकनाशकांसारखे टिकाऊ अंश हे रोज पोटात जाणाऱ्या अंशांच्या ०.०२ टक्क्यांहूनही कमी. किरणं दोन इंच आत जाणं तर अशक्यच. लांब तरंगलांबीची इन्फ्रारेड किरणं कातडीच्या वरच्या मिलिमीटरच्या आतच शोषली जातात. पुढची ऊब रक्त नेतं.

साखरेबाबत मात्र सावध राहा. इन्सुलिन टोचलेली जागा तापली की ते वेगाने रक्तात उतरतं आणि साखर अचानक पडते. थरथर आणि घाम ही तिची लक्षणं सॉनात ओळखूही येत नाहीत. ज्यांच्या पावलांना बधिरपणा आहे त्यांना चटका कळत नाही. दुमडून ठेवायचं सॉना ब्लँकेट त्यांनी वापरूच नये. कातडीला सतत टेकलेली ५० अंशांची वस्तू काही मिनिटांत भाजते. शिवाय ब्लँकेट एकाच घडीवर पुन्हा पुन्हा मोडलं की आतली तार तिथे तुटते किंवा जास्त तापते. ते गुंडाळून ठेवावं, आणि तपकिरी डाग दिसला की टाकून द्यावं.

गरोदरपणात सॉना नको, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. ताप, जुलाब किंवा दारू पोटात असतानाही नको. फिनलंडमध्ये सॉनातल्या मृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांत दारूचा संबंध सापडला आहे.

निरोगी माणसाने आरामासाठी जरूर बसावं. अंग सैल होतं, आखडलेली पाठ मोकळी होते, झोपही चांगली लागते. सुरुवात ४५ अंशांवर १० मिनिटांनी करा. सवय झाली की ५० ते ५५ अंशांवर १५ ते २० मिनिटं, आठवड्यात दोन-तीनदा, पुरे. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या, आधीच्या तासाभरात दोन ग्लास पाणी प्या. दाराला आतून कडी नको आणि घरात दुसरं माणूस हवं. डोकं दुखलं, मळमळलं, धडधडलं किंवा अंगावर शहारे आले की घड्याळ न बघता बाहेर या. उठण्यापूर्वी दार उघडून दोन मिनिटं पाय खाली सोडून बसा. नंतर अंग पुसून वजन करा: घटलेल्या दर किलोमागे लिटरभर पाणी, घाम फार गेला असेल तर ओआरएस. कुणी आत बरळू लागलं किंवा शुद्ध हरपली तर बाहेर काढा, ओल्या कापडाने अंग पुसत पंखा लावा आणि १०८ ला फोन करा.

पेटी १,८०० वॅटची असली तर ती सुमारे ८ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) हवा. एक्स्टेंशन बोर्डाची पिन वितळते.

मावशी, गोळी रोजच्या वेळेलाच घे. बसायचंच असेल तर आधी सगळी गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवून विचार. ते हो म्हणाले तर बसण्याआधी बीपी मोज. वरचा आकडा १०० च्या खाली असेल तर त्या दिवशी नको. आणि तू नागपुरात राहतेस, एप्रिल-मे मध्ये पारा ४४ वर असताना त्या पेटीचा प्लगच काढून ठेव.