आबांना एका वाक्यात संपवू नका

आज दुपारी लग्नाच्या पंगतीत माजी गृहमंत्री आर. आर. पाटलांचा, म्हणजे आपल्या आबांचा विषय निघाला. शेजारी बसलेला मुलगा, चांगला शिकलेला, मला म्हणतो, "26/11 नंतर काहीतरी बोलले होते, तेच ना ते?" परक्याच्या मांडवात वाद नको म्हणून गप्प बसले. पण घरी आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते.

हो, तेच. मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतच असतात, अशा अर्थाचं ते बोलले होते. ते बोलणं चुकलंच होतं. मुंबईत एवढी माणसं मारली गेली असताना गृहमंत्र्याच्या तोंडी ते शोभलं नाही. 1 डिसेंबर 2008 ला त्यांनी राजीनामाही दिला. पण अंजनीसारख्या खेड्यातला, कमवा-शिका करत शिकलेला पोरगा 1979 साली जिल्हा परिषदेत जातो, 1990 पासून तासगावकर त्याला सहा वेळा आमदार करतात, आणि आपल्याला आठवतं काय, तर एक वाक्य?

माझ्या आईला विचारा आबा कोण ते.

आमच्या गावात बायका ओढ्याकडे जायच्या. पहाटे अंधारात, नाहीतर संध्याकाळी दिवेलागणीनंतर. मधे कितीही पोटात कळा आल्या तरी दाबून धरायचं. रस्त्यावरून एखादी गाडी आली, की लाइटच्या उजेडात सगळ्या जणी उठून उभ्या राहायच्या. माझी आजी, आई, मी. म्हातारीला गुडघे धरून उठायला लागायचं. ते उठणं ज्यांनी केलं नाही त्यांना आबा कळणं अवघड आहे.

1999 ला आबा ग्रामविकासमंत्री झाले आणि वर्षभरात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. पैसा ओतून नाही, गावागावांत चुरस लावून. श्रमदान करायचं, तपासणीला समिती येणार, बक्षीस मिळणार. आमचे वडील "आधी गोठा, मग संडास" म्हणून वर्षानुवर्षं टाळत होते. समिती येणार म्हटल्यावर ग्रामसभेत बायकाच बोलायला लागल्या आणि परसात खड्डा खणला गेला. गावाला बक्षीस काही मिळालं नाही. संडास मात्र झाला. आजी शेवटची वर्षं तरी उजेडात, दार लावून बसली. केवढी मोठी गोष्ट आहे ही! मंत्रालयात बसून एखाद्या म्हातारीच्या गुडघ्यांपर्यंत पोचलेले किती मंत्री दाखवाल मला?

आता कुणीतरी डान्सबार काढणारच. आबांनी गृहमंत्री असताना आणलेल्या डान्सबार-बंदीने हजारो बायकांचं पोट गेलं आणि 2013 ला सर्वोच्च न्यायालयातही ती टिकली नाही. बरं, मान्य. आणि काही गावांत समितीपुरती रंगरंगोटी झाली, पुढे संडासात सरपण भरलं, तेही मान्य. आमच्यात नाही भरलं.

2009 ला पुन्हा गृहखातं मिळाल्यावर या माणसाने पालकमंत्रिपद घेतलं ते गडचिरोलीचं. मागून घेतलं! जिथे बदली झाली की साधा कारकूनही रद्द करायला धावतो, तिथे. तंटामुक्त गाव मोहीमही त्यांचीच, 2007 ची. बांधाच्या भांडणात दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. ती भांडणं गावातच बसून मिटवावीत हे गृहमंत्र्याला सुचलं, कारण तो गावचा होता.

16 फेब्रुवारी 2015 ला आबा गेले. तोंडाचा कॅन्सर, वय अवघं 57. आईने त्या रात्री चूल पेटवली नाही. ती त्यांना कधी भेटली नव्हती, पक्षबिक्षही तिला कळत नाही. तरी घरातलं माणूस गेल्यासारखी बसून होती.

त्या मुलावर आता तितका राग नाही. तो जन्मला तेव्हा बहुधा त्याच्या घरात संडास होता, त्याला कोण सांगणार? आपणच सांगायला हवं होतं.

तुमचं गाव त्या अभियानात होतं का? तुमच्या घरातल्या बायकांना विचारा आणि खाली लिहा. समिती आली त्या दिवसाचे फोटो कुणाकडे असतील तर तेही टाका. मला ही पोस्ट त्या मुलाला पाठवायची आहे.