'हेवेल' म्हणजे 'निरर्थक' नव्हे

कुणाच्या घरी मृत्यू झाला की फिरणारा तो मजकूर पुन्हा आला आहे. म्हणे जगातला सर्वांत श्रीमंत आणि शहाणा राजा शलमोन शेवटी लिहून गेला, 'सगळं निरर्थक आहे'. मूळ हिब्रू शब्द 'हेवेल', अर्थ 'शून्य'. तेव्हा नात्यांत, कष्टांत जीव गुंतवू नका. हा हवाला बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाचा आहे आणि त्या पुस्तकावर हा सरळ अन्याय आहे.

आधी शब्द. हेवेल म्हणजे श्वास, वाफ. थंडीत पहाटे तोंडातून निघते ती. ती खरी असते, डोळ्यांना दिसते, पण मुठीत धरता येत नाही आणि लगेच विरते. बायबलमधला संदेष्टा यशया म्हणतो, मूर्तींना वारा वाहून नेईल, हेवेल उडवून नेईल. तिथे 'शून्य' घालून बघा, वाक्यच उभं राहत नाही. बायबलमधल्या एका स्तोत्राचा कवी माणसांना तराजूत घालतो आणि म्हणतो, सगळे मिळूनही हेवेलपेक्षा हलके. आणखी एका स्तोत्रात माणूस हेवेलसारखा आणि त्याचे दिवस सरत्या सावलीसारखे आहेत. या स्तोत्रांत आयुष्य किती हलकं आणि किती थोडं, हे सांगितलं आहे. ते फुकट आहे, असं नाही.

मग 'व्यर्थ' आलं कुठून? जुन्या ग्रीक भाषांतराने पोकळपणाचा अर्थ देणारा शब्द वापरला, बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने 'वानितास' (पोकळपणा, व्यर्थता) केलं, आणि युरोपभर तेच रुजलं. आपल्या मराठी बायबलातही 'व्यर्थ'च आहे. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की याच जेरोमने आपल्या भाष्यात नोंदवून ठेवलंय, की इतर ग्रीक भाषांतरकारांनी इथे 'वाफ' असाच शब्द ठेवला होता.

या शब्दाचा सर्वांत हृदयस्पर्शी वापर बायबलच्या पहिल्या, 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे. आदामाचा दुसरा मुलगा, ज्याला आपण हाबेल म्हणतो, त्याचं हिब्रू नाव हेवेल. मेंढपाळ होता, त्याचं अर्पण देवाला पसंत पडलं, आणि थोरला भाऊ काइन याने त्याला शेतात मारलं. त्याच्या मुलाबाळांचा उल्लेख नाही, त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. आयुष्य नावासारखंच, आलं आणि गेलं. पण देव काइनाला म्हणतो, 'तुझ्या भावाचं रक्त भूमीतून माझ्याकडे ओरडत आहे.' ज्याचं जगणं निरर्थक, त्याच्या रक्ताची दाद कोण घेईल? तरुण मूल गमावलेल्या आईवडिलांना हा मजकूर पाठवणाऱ्यांनी निदान हा अध्याय वाचावा. त्यांच्या मुलाचं आयुष्य छोटं होतं. ते कमी मोलाचं नव्हतं.

आता 'जीव गुंतवू नका'. 'उपदेशक' नेमकं उलट सांगतं. नवव्या अध्यायात आहे: आनंदाने भाकर खा, कपडे शुभ्र असू देत, डोक्याला तेल कमी पडू देऊ नकोस, तुझ्या हेवेल आयुष्याचे सगळे दिवस आवडत्या बायकोबरोबर सुखाने घालव, हाताला लागेल ते काम पूर्ण बळाने कर. अकराव्यात तरुणाला 'तारुण्यात आनंद कर' असं सांगून लगेच कारण दिलं आहे, की बालपण आणि तारुण्य हेवेल आहे. 'निरर्थक' असेल तर आनंद कशाला करायचा? 'लवकर सरणारं' म्हटलं की दोन्ही वाक्यं जुळतात. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू परंपरेत हे पुस्तक सुक्कोथ या सणाला वाचतात. तात्पुरत्या मांडवात राहण्याचा हा सण, आणि प्रार्थनेत त्याला 'आमच्या आनंदाचा काळ' म्हणतात.

शलमोनाचं फार ताणायला नको. पुस्तकात 'दाविदाचा पुत्र, यरुशलेमेतला राजा' असं आहे, शलमोन हे नाव कुठेच नाही. 'पर्देस', 'पिथगाम' असे फारसी मुळाचे शब्द त्यात आहेत, ते हिब्रूत इराणी राजवटीच्या काळात आले, म्हणून बहुतेक अभ्यासक ते त्याच्या कित्येक शतकांनंतरचं मानतात.

एक मात्र मान्य करायलाच हवं. हेवेलला कडवट छटाही आहे. यिर्मया हा दुसरा संदेष्टा मूर्तींना हेवेल म्हणतो तेव्हा 'पोकळ' हाच अर्थ. 'उपदेशक'च्या आठव्या अध्यायात नीतिमानाच्या वाट्याला दुष्टाची फळं येतात, त्यालाही लेखक हेवेल म्हणतो, आणि तिथे त्याचा संताप ऐकू येतो. चौथ्यात तर जुलूम पाहून तो म्हणतो, जिवंतांपेक्षा मेलेले बरे. पण त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो: एकापेक्षा दोघं बरे, एक पडला तर दुसरा उचलतो, दोघं एकत्र निजले तर ऊब येते, आणि तीनपदरी दोर सहज तुटत नाही. नात्यांत जीव गुंतवू नका म्हणणाऱ्या मजकुरात ही वचनं गाळलेली आहेत.