पोराला ख्रिश्चन कॉलेजात घाला, हिशोब देव बघेल

अमेरिकेतल्या महागड्या ख्रिश्चन कॉलेजात पोराला अ‍ॅडमिशन मिळालं ना? मग अभिनंदन, आणि आता कृपा करून कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये टाका. हिशोब करणं म्हणजे विश्वास कमी पडल्याचं लक्षण, हे चर्चमधल्या चार लोकांनी सांगितलंच असेल, नसेल तर येत्या रविवारी सांगतील.

आधी ते अवॉर्ड लेटर, म्हणजे कॉलेजने पाठवलेलं आर्थिक मदतीचं पत्र, हातात घ्या. स्कॉलरशिप, ग्रँट, लोन, सगळं एकाखाली एक, आणि शेवटी मिळून एकच ढोबळ बेरीज. कर्जाला बक्षीस म्हणायची आयडिया आपल्या पतपेढ्यांना कशी सुचली नाही कोण जाणे.

व्हीटन घ्या, बायोला घ्या, नुसती ट्युशन, म्हणजे शिक्षणाची फी, वर्षाला ४० हजार डॉलरच्या वर, राहणं-जेवण वेगळं. कोणीतरी शहाणा सांगेल की प्रायव्हेट कॉलेजं पहिल्या वर्षाच्या पोरांना छापील ट्युशनवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात, तेव्हा चार ठिकाणचे आकडे समोर ठेवा आणि आणखी सूट मागून बघा, शिवाय वेबसाइटवर सूट वजा जाता अंदाजे किती भरावं लागेल ते सांगणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, २०११ पासून कायद्यानेच ठेवावा लागतो वगैरे. ऐकू नका. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडणारे आपण, पण देवाच्या कॉलेजात घासाघीस? शोभतं का!

आता पैसे. सरकार पोराच्या स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर कर्ज देतं, त्यात मेससुद्धा भागत नाही. पण आईबापांच्या नावावर सरकारचंच पेरेंट प्लस लोन आहेच. जुलै २०२६ पासून नवीन घेणाऱ्यांना वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार डॉलर अशी मर्यादा, म्हणजे सरकारलाही आपल्या श्रद्धेची भीती वाटायला लागली बघा. ६५ हजार, ९ टक्के, १० वर्षं धरली तर महिन्याला साधारण ८२३ डॉलर, एकूण जवळपास ९९ हजार, आणि कॉलेज चालू असताना चढलेलं व्याज यात धरलेलंच नाही. वर कमी पडलं तर प्रायव्हेट लोन, को-साइनर, म्हणजे जामीनदार, अर्थात तुम्हीच. क्रेडिट कार्डाचं कर्ज दिवाळखोरीत सुटतं, स्टुडंट लोन मात्र कोर्टात भयंकर हाल सिद्ध केल्याशिवाय सुटत नाही. सार्वकालिक जीवन म्हणतात ते हेच असावं.

पोराने यूथ मिनिस्ट्री, म्हणजे चर्चमधल्या तरुणांसाठी काम करायचा विषय, घेतला तर फारच छान. यूथ पास्टरचा पगार किती असतो हे तुम्हाला कोणी सांगायची गरज नाही, चर्चच्या कमिटीवर बसून तुम्हीच ठरवता.

आणि ‘रिंग बाय स्प्रिंग’ विसरू नका, म्हणजे शेवटच्या वर्षीच्या स्प्रिंगपर्यंत बोटात अंगठी. सूनही तिथलीच, तितकंच लोन घेऊन येईल. हुंड्याची प्रथा उलटी फिरलेली बघायला अमेरिकेत जावं लागतं.

एक काळजी घ्या. कॉलेजात बायबलचे कोर्सेस कम्पलसरी असतात, तेव्हा नीतिसूत्रे २२:७ (ऋणको धनकोचा दास) आणि लूक १४:२८ (बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब करा) ही दोन पानं चिकटवून द्या. लेक्चरला कोणी वाचलीच तर संदर्भ वेगळा आहे म्हणून सांगायचं.

मिसुरीतल्या कॉलेज ऑफ द ओझार्क्सचं तर घरात नावच काढू नका. पक्कं ख्रिश्चन कॉलेज, पण पोरं आठवड्याला १५ तास काम करतात आणि ट्युशन भरावी लागत नाही, काहीजण तर तिथल्या किचनमध्ये विकायचे फ्रूटकेक करतात. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं तर काय सांगणार, मुलगा केक भाजतो? आणि न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजचं २०२३ मध्ये अ‍ॅक्रेडिटेशन (मान्यता) जाऊन वर्ग बंद पडले हेही कशाला आठवायचं, अशुभ कशाला बोला.

बहुतेक ठिकाणी जागा पक्की करायच्या डिपॉझिटची तारीख १ मे असते, महाराष्ट्र दिन, मुहूर्त चांगला आहे. पोराला काय शिकायचंय ते ठरलं नसेल तर फॉर्मवर अनडिक्लेअर्ड लिहिता येतं, फी तेवढीच.