सरदारांना चुकायची मुभा द्या

‘सरदार पटेल पहिले पंतप्रधान झाले असते तर?’ हा विषय त्यांच्या जयंतीच्या सुमारास आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निघतोच. यंदा तो कथेच्या रूपात आला. १९४६ मध्ये सरदार काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेत नाहीत, पंतप्रधान होतात आणि पुढे सगळं मार्गी लागतं. काश्मीरचा प्रश्न उरत नाही, चीन हद्दीकडे वाकड्या नजरेने बघत नाही. खाली लगेच दोन तट पडले. काही जण म्हणाले, असंच व्हायला हवं होतं. बाकीचे म्हणाले, ही नेहरूंची बदनामी आहे.

इंग्लंडमध्ये बसून ती कथा वाचताना मला वेगळंच खटकलं. तिच्यातले सरदार १९६२ मध्येही ठणठणीत आहेत.

खरे सरदार १५ डिसेंबर १९५० ला मुंबईत वारले. मार्च १९४८ मध्येच त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली, तोवर ते नव्हतेच. १९४६ ला पंधरापैकी बारा प्रांतिक समित्यांनी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी (जो अध्यक्ष होईल तोच पुढे पंतप्रधान, असं तेव्हा दिसत होतं) त्यांचं नाव सुचवलं होतं आणि गांधीजींच्या इच्छेखातर त्यांनी माघार घेतली, हे खरं. त्याची हळहळ मलाही वाटते. पण तो एक निर्णय फिरवला म्हणून माणसाचं आयुष्य वाढत नाही. इतिहासाला फाटा एकाच ठिकाणी फोडायचा, बाकीचं जसं होतं तसं सोसायचं, ही अशा जर-तरच्या लेखनाची पहिली अट. काश्मीरचंही तेच. जुनागढच्या नवाबाने संस्थान पाकिस्तानात न्यायचं ठरवलं, त्यानंतर सरदारांची काश्मीरबाबतची तोवरची मवाळ भूमिका कडक झाली, असं राजमोहन गांधींसारखे चरित्रकार मांडतात. म्हणजे तिथेही कथाकाराला उत्तर आयतं मिळत नाही.

इथे असं लेखन भरपूर होतं. चर्चिलने स्वतः १९३१ साली, अमेरिकन यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई दक्षिणेचा जनरल ली (जो प्रत्यक्षात हरला) जिंकला असं धरून निबंध लिहिला होता. नंतर तो स्वतःच या लेखनाचा विषय झाला. मे १९४० मध्ये पंतप्रधान चेंबरलेनच्या जागी चर्चिलऐवजी परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स आला असता आणि त्याने हिटलरशी तह केला असता तर, या कल्पनेवर इथे कादंबऱ्या आहेत. आमच्या गावच्या लायब्ररीत अशाच एका कादंबरीवर चर्चा होती. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई वहीत टिपणं काढून आल्या होत्या. त्यांचा सवाल एवढाच होता की, हॅलिफॅक्स उमराव, त्याला हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहात, बसता येत नव्हतं, मग सरकार त्याने चालवलं कसं, हे लेखकाने का दाखवलं नाही? तासभर त्यावरच वाद रंगला. चर्चिलला सत्तेबाहेर ठेवल्याचा राग कुणी काढला नाही.

मला यात मोठा फरक दिसतो. इथली जर-तरची गोष्ट बहुधा भीतीतून येते: थोडक्यात वाचलो, नाहीतर काय झालं असतं! आपली हळहळीतून येते. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, इथपासून ती आपल्या अंगवळणी पडली आहे. हळहळ वाईट नाही, पण तिच्यातला नेता कधी चुकतच नाही, आणि न चुकणाऱ्या माणसाची कादंबरी होत नाही.

अर्थात इंग्रजांनाही सोयीचं तेवढंच सुचतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चर्चिलच्या सरकारने वेळेवर पुरेसं धान्य पाठवलं असतं तर, या प्रश्नावरची कादंबरी मला इथल्या कपाटात अजून सापडलेली नाही. ती कुणीतरी लिहायला हवी.

आपल्या लेखकाला मात्र कायद्याचंही भय आहे. इंग्लंडमध्ये मृत व्यक्तीच्या बदनामीचा दावा लागत नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात मृतांचीही बदनामी येते. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या गांधींवरच्या कवितेच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, आदरणीय ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी अश्लील भाषा घालताना काव्यस्वातंत्र्याची ढाल चालणार नाही. मुद्दा अश्लीलतेपुरता होता, पण धसका त्याहून दूर पोचतो. सरदारांना एखादा चुकीचा निर्णय घेताना दाखवायलाही लेखक दहादा विचार करील. मला हे सरदारांवरच अन्यायाचं वाटतं. संस्थानं विलीन करताना त्यांनी किती धोके पत्करले, डाव उलटण्याची शक्यता किती होती, हे चुकीची वाट दाखवल्याशिवाय वाचकाला कळणार कसं?

मला वाचायची आहे ती कादंबरी १६ डिसेंबर १९५० च्या सकाळी सुरू होते. पंतप्रधान पटेल आदल्या दिवशी गेलेत. निवडणूक तोंडावर आहे. काँग्रेसचे अध्यक्ष पुरुषोत्तमदास टंडन सरदारांच्या पाठिंब्यावर निवडून आलेले, राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) आहेत, आणि साडेचार वर्षांपूर्वी ज्यांची संधी हुकली ते नेहरू एकसष्ट वर्षांचे आहेत. पक्षाला नवा नेता निवडायचाय. पुढचं मराठीत कुणीतरी लिहावं, आणि ते छापणारा प्रकाशक त्याला मिळावा.